सासूबाईंचं कोमट पाणी

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पुढील हकीकत स्मशानात, पिंपळाखाली किंवा अमावस्येला घडलेली नाही. ती सकाळी, लख्ख उन्हात, एका बाथरूममध्ये घडली. घाबरायचं असेल त्यांनी खुशाल घाबरावं... मी तर आजही त्या गोष्टीचे आभारच मानते!

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. कोणी भुताचं सांगायला लागलं की मी विचारायची, "ते चहा घेतं का?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत, वरच्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. त्या हिवाळ्यात सासूबाई गावाहून आमच्याकडे आल्या. जन्म धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात गेलेला, पण आता साखरेच्या आजाराने पाय बधिर झालेले. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, "पायाला चटका बसला तरी यांना कळणार नाही. आणि जखम झाली तर पाय वाचवणं कठीण."

त्यांच्यासाठीच आम्ही गीझर घेतला. शेजारचं कुटुंब बदली होऊन निघालं होतं, त्यांचाच जुना. खाली एक बटन, कमी-जास्त करायला. मी ते मधोमध ठेवलं आणि निश्चिंत झाले.

पण सासूबाईंची सवय बंबाची! बंबाचं कढत पाणी आधी बादलीत घ्यायचं, मग त्यात इसन घालायचं, म्हणजे थंड पाणी. त्यामुळे इथेही आधी गरम नळ सुरू, त्याच्या धारेखाली दोन्ही पाय, आणि थंड नळाची आठवण नंतर.

"आई, आधी थंड सोडत जा ना."

"काऊन? तुह्या ह्या डब्यातून गरम येते कुठी? तळ्यातलं पानी बरं याच्यापेक्षा!"

खरंच होतं. पाणी कोमटच यायचं. त्यांच्यामागून मी आंघोळ करायची, मलाही कोमटच. रोजची कुरकुर ऐकून शेवटी मी बटन थोडं वर केलं. तरी कोमट. आणखी वर. कोमट! आमचे हे म्हणाले, "व्होल्टेज नाई इथी." हे स्वतः थंड पाण्याने आंघोळ करणारे, त्यामुळे त्यांना सगळं सोपं वाटायचं. एके दिवशी मी वैतागून बटन पार शेवटपर्यंत फिरवून टाकलं. तरीही... कोमट.

मग ती सकाळ. सासूबाई आंघोळ करून आल्या त्या तोफ डागतच. "सुमन, आज तं पार गारच होतं वं! मले मारतं का थंडीनं?"

"थांबा, मी बघते," म्हणत मी आत गेले आणि गरम नळ उघडला.

नळाने आधी फुर्रर्र केलं... आणि नुसती वाफ! मागोमाग उकळतं पाणी, आधणासारखं. बादलीवर एक थेंब उडून माझ्या बोटावर आला, त्याचा फोड चार दिवस होता.

माझ्या डोळ्यांपुढे त्यांचे पाय आले. बधिर पाय! मी तशीच ओल्या पायांनी धावले, त्यांना खाटेवर बसवलं, लुगडं वर सारलं.

"अवं काय करून राह्यली? येड लागलं का?"

मी तळवे पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या, घोटे पाहिले. लाली नाही, फोड नाही. पाय गार होते... अगदी गार. मी ते मांडीवर घेऊन ढसाढसा रडले आणि सासूबाई शेजारणीला खिडकीतून सांगू लागल्या, "पाह्य ना बाई, आमच्या सुनेनं पाय धरले माह्ये!"

दुपारी कॉलनीतला वायरमन गजूभाऊ आला. स्टुलावर चढून त्याने गीझरचं खालचं झाकण काढलं आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, हे बटन नुसतं शोभेचं आहे. थर्मोस्टॅट काढून कोनीतरी वायर डायरेक्ट जोडली. जास्त तापलं की बंद पाडनारा कटआऊटबी नाई. तुम्ही बंद करत नाई तोवर हे उकळतच राह्यनार."

"आज बिघडला असेल."

"आज कायचा? जोड पाहा, गंजून काळे पडले. पह्यल्यापासूनच असा आहे."

त्याने नवा थर्मोस्टॅट बसवला, पन्नास अंशांच्या आसपास लावला. सासूबाईंनाही तेव्हापासून आधी थंड, मग गरम, आणि कोपराने तपासून मगच पाय, हे शिकवलं. शिव्या खाल्ल्या, पण शिकवलं. तुमच्याकडे कोणाचा जुना गीझर आला असेल, तर आधी उघडून दाखवा. नुसत्या बटनावर जाऊ नका.

पुढे पुष्कळांनी पुष्कळ कारणं दिली. व्होल्टेज म्हणावं, तर ते सासूबाई बाहेर येऊन मी आत जाईपर्यंत वाढलं? सासूबाई मात्र त्याच दोन पायांवर पुढे कितीतरी वर्षं गावभर हिंडल्या. ज्याने कोणी ते पाय राखले, त्याला माझा रोज नमस्कार. तो कोण, हे मला आजही माहीत नाही.

गजूभाऊलाही नव्हतं. त्या दुपारी, हिवाळाभर आम्ही दोघी याच पाण्याने न्हालो, हे त्याला सांगितलं, तेव्हा तो स्टुलावरच थांबला. एकदा गीझरकडे, एकदा खाटेवर बसलेल्या सासूबाईंच्या पायांकडे बघून म्हणाला,

"मंग वहिनी... इतके दिवस हे पानी थंड करून राह्यलं कोन?"