तीन पाणाडे आणि माझा दोर

त्या दिवशी ऊन असं होतं, की मोहाच्या झाडाखालची सावलीसुद्धा सावली शोधत होती. वारा बंद, पान हालेना. अशा उन्हात माणसाला अक्कल सुचू नये. मला सुचली! आता काय झालं ते ऐका. हसा, पण चहा सांडू नका.

गावात विहीर खोदायची होती. बायको नाल्यात झिरा उकरून पाणी आणायची. तिनं बजावलं होतं, "औंदा विहीर नाई झाली, तं मी चालली माहेरी!"

जमिनीतलं पाणी सांगणारे तीन पाणाडे आणले. तिघांनी तीन जागी खुंट्या ठोकल्या आणि लागले भांडायला.

मी अंगठाछाप माणूस. सावकाश म्हणालो, "बाबाहो, भांडता काऊन? ज्याची जेवढी खातरी, त्यानं तेवढे चिचोके ठेवा."

पहिल्यानं ओंजळभर ओतले. दुसरा म्हणाला, "पाणी असल बी, नसल बी," आणि चिमूटभर ठेवले. तिसरा ठेवायचा, पुन्हा उचलायचा.

"ठेवून राह्यला का खेळून राह्यला?"

"भाऊ, मनच खालीवर होऊन राह्यलं!"

मग मी तीन दोर एका गाठीत बांधले. जेवढे चिचोके, तेवढी माणसं त्या खुंटीकडे ओढणार. गाठ थांबेल तिथं विहीर. कोणाचाच शब्द वाया नाही! ओंजळीपुरती माणसं गावात मिळेनात, शेजारच्या टोल्यावरून, म्हणजे वाडीवरून आणली. तिसऱ्यानं चिचोका उचलला, की एक जण दोर सोडून बिडी पेटवायचा.

तेवढ्यात एक दोर अडला. शेजारच्या गोविंदाची म्हैस बोरीखाली पसरली होती.

"रोज इथीच बसते, भाऊ," गोविंदा म्हणाला. "उठतच नाई."

"तिले काय समजते? हाकल!"

शेपटी पिरगाळून उठवली तिला. गाठ सरकत सरकत थांबली कुठं? माझ्याच दारात! बायको हरखली. खोदलं. खाली नुसता काळा दगड. पहारी बोथट झाल्या, पाण्याचा थेंब नाही, आणि दारापुढं एवढा मोठा खड्डा!

बायको उंबऱ्यात गाठोडं घेऊन उभी. "माहेरी जायले बी वाट नाई ठेवली तुमी!"

मी खड्ड्यात बसून राहिलो. वर येऊन तिला तोंड दाखवायची हिंमत कुणाला होती?

इतक्यात गोविंदा काठावर आला. पाय घोट्यापर्यंत चिखलात माखलेले. म्हैस पुन्हा बोरीखाली जाऊन बसली होती, तिथं त्यानं सहज कुदळ मारली, तर हातभर खाली पाणी!

खाली वाकून तो म्हणाला, "भाऊ, सगळ्यायले चिचोके देल्ले, माह्या म्हशीलेच काऊन नाई?"