बाईंचे दोन कोट

दुकानात आल्या की बाई आधी कपडा उलटा करायच्या. स्वेटर असो, शाल असो, नाहीतर लहान मुलाची कानटोपी. "रंग नंतर दाखव. आधी आतून बघू दे," असं म्हणत त्या चष्मा कपाळावर चढवत आणि शिवण डोळ्यांपाशी नेत. आत दोरा लोंबत असला तर तो चिमटीत धरून माझ्याकडे नुसत्या बघत राहत. तिसरीत असताना मी गृहपाठ केला नाही की बघायच्या, तशाच.

महापालिकेच्या शाळेत त्या माझ्या वर्गशिक्षिका होत्या. पुढे मी नाशिकरोडला गरम कपड्यांचं दुकान टाकलं, आणि त्या निवृत्त होऊन आमच्याच कॉलनीत मागच्या गल्लीत राहायला आल्या. तुमच्याही ओळखीत अशा एखाद्या शिक्षिका असतील. शाळा सुटते, पण शिकवणं सुटत नाही.

एकदा एक गृहस्थ बायकोसाठी गुलाबी स्वेटर बघत होते. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर चहा पीत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "हा नका घेऊ. दोनदा धुतला की गुडघ्यापर्यंत येईल."

गृहस्थ माझ्याकडे बघायला लागले आणि मी बाईंकडे.

"माझ्याकडे काय बघतोस? खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. गिऱ्हाईक गेलं. रात्री जेवताना बायको म्हणाली, "तुमच्या बाईंना यापुढे चहा घरीच पाजत जा."

बाईंचे यजमान लवकर गेले होते. एकुलता एक मुलगा शिकून कॅनडाला गेला, तिकडेच स्थिरावला. तो लहान असताना बाईंनी स्वतःचा स्वेटर उसवून त्याच लोकरीचा त्याला विणला होता आणि स्वतः शाळेत पदर घट्ट लपेटून हिवाळे काढले होते. हे त्या कधी सांगत नसत. मुलगा मात्र विसरला नव्हता. म्हणून एका डिसेंबरात मोठं पार्सल आलं. आत कोट होता. गडद तपकिरी, गुडघ्यापर्यंत लांब, आणि हात ठेवला की बोटं बुडतील इतका मऊ.

निफाडकडून गार वारं सुटलं होतं. पहाटे दुधाच्या रांगेत बाई उभ्या राहिल्या त्या अशा: नऊवारीसारखी वर खोचलेली सुती पाचवारी, पायात पांढरे बूट आणि अंगावर तो कोट. दूधवाला दोन पावलं मागे सरला.

"भिऊ नकोस, मीच आहे," बाई म्हणाल्या. "लेकानं पाठवलाय. रात्री संधिवातानं गुडघे दुखतात, तर आता घालूनच झोपते. कुणीतरी जवळ घेऊन बसल्यासारखं वाटतं."

सगळ्या कॉलनीनं त्या कोटावरून हात फिरवून घेतला. बाई बाही पुढे करून उभ्या राहत, लहान पोर कडेवर दाखवावं तशा.

हे पंधरवडाभर चाललं. मग एका सकाळी दुकान उघडताच त्या आल्या. कोट अंगावर नव्हता, पिशवीत होता. त्यांनी तो काउंटरवर ठेवला.

"मला नीट सांग. हे खरे केस आहेत की नायलॉनचे?"

"का हो बाई?"

"रविवारी विहारात वंदनेला बसले होते. शेजारी ती भाजीवाली मावशी असते ना, तिनं हात लावून बघितला आणि विचारलं, 'बाई, हे जनावर मेल्यावर काढत्यात का मारून?' मी म्हटलं, अगं, नकली असतं हे सगळं. म्हणून टाकलं. पण मला माहीत कुठाय?"

आमच्या धंद्यात याची सोपी परीक्षा असते. कडेचे दोन-चार केस उपटायचे आणि काडी लावायची. नकली असेल तर वितळून टणक गोळी होते, प्लॅस्टिकचा वास येतो. खरे असतील तर राख होते आणि जळक्या केसांचा वास येतो. मी आतल्या कडेचे चार केस काढले, चिमट्यात धरले, काडी ओढली.

वास लगेच आला. बोटांवर राख चुरगळली.

आणि मी हसलो. हे मला सांगायलाच हवं. मी अगदी आनंदानं म्हणालो, "अभिनंदन बाई. असली माल आहे. मिंक म्हणतात याला. आपल्या मुंगसासारखा प्राणी. तिकडे पिंजऱ्यांत पाळतात खास यासाठी. एका कोटाला कितीतरी लागतात. मुलानं काही कमी केलेलं नाही तुमच्यासाठी."

आयुष्यभर गिऱ्हाइकांनी मला हाच प्रश्न विचारला होता, आणि 'असली आहे' एवढं ऐकलं की त्यांचे चेहरे खुलत आले होते. बाईंचा चेहरा उतरला तेव्हा मला क्षणभर कळेचना काय चुकलं.

त्या खुर्चीवर बसल्या.

"माझे वडील सिन्नरकडच्या खेड्यातले. गावात ढोर मेलं की आमच्या लोकांनी ओढून न्यायचं, कातडं काढायचं. दीक्षा घेऊन आले आणि त्यांनी सुरी ओढ्यात टाकली. म्हणाले, 'आता नाय ओढायचं.' गावानं दळण बंद केलं. आम्ही भिजवलेले हरभरे खाऊन दिवस काढले. पण परत कातड्याला हात लावला नाही कुणी."

माझे आजोबाही तिकडचेच, शेतीवाडीवाले. त्यांच्या गोठ्यात बैल मेला असेल तेव्हा तो कुणी ओढून नेला, हे मी घरात कधी विचारलं नव्हतं.

बाईंनी कोटावर हात ठेवला, मग हात उचलून घेतला.

"आमचे लोक मेलेलं ओढायचे, तर आमची सावली नको होती कुणाला. हे तर मारलेलं आहे. आणि हे घालून मी फिरते, तर लोक हात लावायला येतात."

मग त्यांची नजर माझ्या मागे गेली. तिथे जाकिटं टांगलेली होती. लग्न झालं की मनालीला निघणारी जोडपी ती हौसेनं घेत. कॉलरला पांढरी लव.

"आणि ते?"

"ससा," मी म्हणालो. "गिऱ्हाईक मागतं, बाई."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "ससा-कासवाची गोष्ट मीच शिकवली ना रे तुला?" आणि उठल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

खरी अडचण पुढेच होती. दर रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि त्याचा पहिला प्रश्न असायचा, "आई, कोट कुठाय?" कोट घालणं आता त्यांना जमेना. आणि 'तुझी भेट मला अंगात घालवत नाही' हे फोनवर सांगणंही जमेना. "तो तिकडे एकटा बसून रडेल. समोर असला तर पाठीवर हात तरी ठेवता येईल."

दोन रविवार त्यांनी गरम होतंय म्हणून काढले. नाशिकच्या जानेवारीत. तिसऱ्या रविवारच्या आधी त्या माझ्याकडे आल्या.

"असाच दिसणारा नकली मिळेल का रे?"

लुधियानाच्या व्यापाऱ्याकडून मी मागवला. रंग जरा तांबूस होता, पण मोबाईलवर चालून गेला असता. बाईंनी तो आधी उलटा करून बघितला, मग मला म्हणाल्या, "दोन-चार केस काढ. जाळून दाखव." मी जाळले. टणक गोळी झाली, उग्र वास सुटला. बाईंनी तो वास असा घेतला की जणू मोगरा आहे.

"पहिलं शील पाळायला चौथं मोडतेय मी," त्या म्हणाल्या. "प्राणी वाचवायला खोटं बोलायचं. विहारातल्या भन्तेजींना विचारायची सोय नाही."

"मुलाला काय सांगणार?"

"डिसेंबरात येणार आहे तो. समोर बसवून सगळं सांगणार. तू शेजारी बसायचंस. माझ्याच्यानं पुढे बोलणं झालं नाही, तर तू बोलायचं."

मी हो म्हणालो.

रविवारी कॉलच्या वेळी मी सहज त्यांच्याकडे गेलो होतो. पलीकडून आवाज आला, "आई, रंग वेगळा वाटतोय का गं?"

"तुझ्या कॅनडात ऊन नाही, म्हणून तुला सगळं वेगळं दिसतं," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाल्यावर कितीतरी वेळ स्वतःच्याच हुशारीवर नाराज होऊन बसल्या.

खरा कोट त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिला. विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही. "एखाद्या कुडकुडणाऱ्याला दिला असता. पण तो अंगावर बघून अजून कुणाला तरी हवासा वाटेल. जाळवत नाही. मातीत पुरावा तर कुठे आणि कसा? राहू दे तुझ्याकडे, त्याला सांगेपर्यंत."

त्या डिसेंबरापर्यंत राहिल्या नाहीत. पावसाळ्यात छातीत दुखलं आणि दवाखान्यात न्यायच्या आतच सगळं संपलं. मुलगा आला तेव्हा विहारात त्यांची पुण्यानुमोदन सभा होती. भाजीवाली मावशी पुढच्या रांगेत बसून रडत होती.

दुसऱ्या दिवशी तो घर आवरत होता. मी मदतीला गेलो. दारामागच्या खुंटीवर तो तांबूस कोट होता. त्यानं तो काढला, छातीशी धरला, त्यात तोंड खुपसलं. बाह्या कोपरांपाशी विरल्या होत्या. थंडी सरल्यावरसुद्धा दर रविवारी बाई तो घालून बसत.

"दादा, किती वापरलाय बघा आईनं," तो म्हणाला. "आवडला होता ना तिला?"

तो समोर होता. शेजारी बसायला मी होतो. बाईंच्यानं पुढे बोलणं होणार नव्हतं. सगळं त्यांनी ठरवलं होतं तसंच होतं. आणि चाळिशीतला तो माणूस एवढंसं तोंड करून माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"खूप," मी म्हणालो. "रात्री घालून झोपायच्या."

हे खरंच होतं. खऱ्या कोटाबद्दल, पहिल्या पंधरवड्यात. त्यानं तो नकली कोट घडी करून बॅगेत घातला. मी चेन ओढायला मदत केली.

सशाच्या कॉलरची जाकिटं मी पुन्हा मागवली नाहीत. होती तेवढी मात्र त्या हिवाळ्यात सेलमध्ये काढली. सगळी गेली. बाईंचा खरा कोट माळ्यावर पेटीत आहे. पावसाळ्यानंतर मी डांबरगोळ्या बदलतो, आणि प्रत्येक वेळी झाकण लावताना ठरवतो की आज फोन करायचा.

या जानेवारीत फोन त्याचाच आला, व्हिडिओवर. मागे बर्फ पडत होता. त्यानं कॅमेरा फिरवला. बायको अंगणात उभी होती, गुडघ्यापर्यंत लांब, गडद तपकिरी कोटात.

"नवीन घेतला, दादा. त्याच दुकानातून. आईला इतका आवडला होता, म्हटलं घरात एक असावा." त्यानं कॅमेरा तिच्या आणखी जवळ नेला. "आईच्या अंगावर असाच दिसायचा ना?"

ती बर्फात स्वतःभोवती एक गिरकी घेऊन हसली. कोटाचे सगळे केस एका दिशेनं वळले आणि पुन्हा बसले.

"असाच," मी म्हणालो.