बाबूंना जाग आली

पाचोरा स्टेशनातल्या आमच्या पार्सलबाबूंना स्वप्नातच कळायचं की हे स्वप्न आहे. "मग तिथं माझाच हुकूम चालतो," ते ऐटीत सांगत. त्या राज्यात त्यांनी गोऱ्या साहेबाला तीनदा बडतर्फ केलं होतं. जागेपणी मात्र ते साहेबाच्या कुत्र्यालाही सलाम ठोकत.

एका दुपारी बाबू खुर्चीत पेंगत असताना साहेबानं एका म्हातारीची वांग्यांची पाटी लाथेनं उडवली. पूर्ण शुद्धीत असलेले आम्ही चौघे कारकून वह्यांत डोकं घालून बसलो. बाबूंनी मात्र डोळे किलकिले केले.

"साहेब, वांगी उचला!"

साहेब चक्रावला आणि चक्क वाकला.

"ऱ्हाऊ दे भाऊ, मी येचस," म्हातारी घाबरून म्हणाली आणि स्वतःच वांगी वेचू लागली.

बाबूंनी स्वतःला चिमटा काढला, कळवळले, आणि धावत जाऊन साहेबाचे बूट पुसू लागले.

त्यांना जाग आली, याचं मला अजून वाईट वाटतं.