सुई त्याच खुणेवर थांबली

साठ सालाच्या आगेमागे, थंडीतल्या एका सकाळी आमच्या मालवण बंदरात बाबल तांडेलाची होडी खडकावर फुटली. बाबल गेला, आणि त्याच्या होडीवर कामाला असलेला, आमच्याच बंदरातल्या राघो मच्छीमाराचा धाकटा भाऊही गेला...

त्या दिवसांत पुण्याहून एक साहेब नवं यंत्र तपासायला आले होते. नळीत दिव्याचा झोत सोडायचा, आणि समुद्रावरच्या हवेत तो किती विखुरतो ते सुई दाखवायची. मी बाजारात बत्त्या दुरुस्त करायचो, शाळा चौथीतच सुटलेली... तरी त्यांनी बॅटरी सांभाळायला मला ठेवलं होतं.

भाऊ गेल्याच्या दुःखात राघो सगळा बोल बाबललाच लावायचा. "सोरो पिऊन होडी खडकार घातल्यान," असं चारचौघांत म्हणायचा. बाबलच्या बायकोला, शेवंतीवहिनीला, मासळीबाजारात शेजारी कोणी बसू देईना. आधीच कपाळ फुटलेलं, त्यात हे.

मी साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, त्या सकाळी सुई पार वर चढली होती खरी, म्हणजे धुकं दाट असणार, पण यंत्राचीच अजून परीक्षा चालली आहे, त्याच्या भरवशावर मी काही छातीठोक सांगणार नाही. पुन्हा तसं धुकं पडलं तर डोळ्यांनी ताडून बघू.

आणि पडलं... राघोचीच होडी घेतली, यंत्र तिच्यात ठेवलं. साहेबांनी त्याला पुढे नाळेवर, होडीच्या टोकाला बसवलं, खडक दिसला की सांग म्हणाले. मी त्याच खडकाच्या दिशेने सावकाश वल्ही मारत होतो. सुई चढत चढत त्या दिवशीच्या खुणेवर येऊन थांबली.

राघो डोळे ताणून पुढे बघत होता. वल्हं खडकाला घासलं तरी त्याची हाक आली नाही... मग गुडघ्यांत मान घालून म्हणाला, "माका दिसलो नाय रे."

किनाऱ्याला लागल्यावर तो थेट शेवंतीवहिनीच्या दारात गेला. मी मागे उभा. "वयनी, बाबलाक खडक दिसलोच नसतलो," एवढंच कसंबसं बोलला.

वहिनी अंगण सारवत होती. हात न थांबवता म्हणाली, "माका म्हायत होतां. तुझ्या आवशीक जावन सांग." राघोची आई त्याच्याच बोलण्यावरून बाबलला शिव्याशाप देत होती.

मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, म्हणून खापर त्याच्याच डोक्यावर फुटतं... गेलेली माणसं काही परत आली नाहीत. पण बोलण्याआधी जाऊन बघावं, हे शिकवणाऱ्या त्या साहेबांना मी अजून मनातल्या मनात हात जोडतो.