डाव्या जांघेतली नाडी

डेपोत त्याला सगळे क्लचमास्तर म्हणत. तेवीस वर्षं बस चालवली, पण क्लचप्लेट एकदाही जाळली नाही, याचा त्याला कोण गर्व! डाव्या पायाचं कौतुक तो पोटच्या पोरासारखं करायचा.

ड्रायव्हरांची दरवर्षी तपासणी व्हायची. तपासणी कसली, नुसता देखावा. गेल्या वर्षीच्या कागदावरून यंदाचा कागद उतरवायचा आणि मोकळं व्हायचं. एका वर्षी मात्र नवा कंपाउंडर आला. त्याने खरोखर हात लावून पाहिलं.

"मास्तर, डाव्या जांघेत नाडी लागत नाही. पावलात मात्र चांगली लागतेय. मोठ्या दवाखान्यात दाखवा."

"पाय चालतोय ना? मग लिही नॉर्मल. माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

कंपाउंडरने लिहिलं. पुढची सोळा वर्षं तोच शब्द उतरत राहिला.

यंदा ओटीपोटात दुखायला लागलं. आतल्या रक्तवाहिनीला डाव्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता, कधीही फुटेल असा. सर्जनबाईंनाही जांघेत नाडी लागली नाही. "हे आधीपासूनच असं आहे का?" त्यांनी विचारलं. खरं सांगावं तर इतक्या वर्षांचं खोटं उघडं पडणार, नोकरी जाणार. त्याने मुकाट्याने डेपोचे कागद पुढे केले. सोळाही वर्षं नॉर्मल! म्हणजे फुग्यातली गुठळी आत्ताच जांघेत अडकलीय, असं बाईंना वाटलं. पायाच्या स्कॅनमध्ये वेळ न घालवता त्यांनी त्याच दुपारी ऑपरेशन केलं आणि फुग्याची वाहिनी बांधून टाकली.

गुठळी नव्हतीच. जांघेतली वाहिनी जन्मापासून दोऱ्याएवढी होती, आणि पायाचं सगळं रक्त फुग्याच्याच वाहिनीतून, कुल्ल्यामागून खाली जात होतं. लाखांत एखाद्याचं असं असतं. पाऊल पांढरं पडल्यावर बाईंनी धडपडून रक्ताला दुसरी वाट काढून दिली, पण उशीर झाला होता. जीव वाचला. पाय चौथ्या दिवशी गुडघ्याखाली कापावा लागला.

बायकोने बाईंना वॉर्डातच गाठलं. "चालत आलेला माणूस अधू करून ठेवलात! शिकलात तरी काय?"

"पायाचा स्कॅन आधी करायला हवा होता," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं."

तो गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण बाईंची खाली गेलेली मान त्याला बघवेना.

"त्यांना बोलू नकोस. मला ठाऊक होतं. सोळा वर्षांपूर्वीच कंपाउंडरने सांगितलं होतं."

बायको वळली. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट.

"आणि मी? रोज तुमच्या कुल्ल्याला शेक देत होते. दाखवू या का म्हटलं, की तुम्ही म्हणायचात, सीट कडक आहे. मी डेपोत जाऊन तुमच्यासाठी उशी मागितली हो, चारचौघांत. सगळे फिदीफिदी हसले. तुम्हीसुद्धा."