मर्यादेबाहेरची उधारी

रत्नागिरीत मला सांभाळलं ते आमच्या आगारातल्या हिशेब शाखेच्या भाऊंनी. नाव छापलं तर रागावतील, म्हणून लिहीत नाही.

मी आठवीतून शाळा सोडलेला, नांदेडकडचा. आगारात गाड्या धुतो. त्या महिन्यात पगार रखडला होता आणि गावी बायकोचे दिवस भरत आले होते. चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला भाऊ चष्मा कपाळावर सरकवून तेच सांगत, "पगारासाठी खात्याने अल्पमुदतीचं कर्ज किती काढायचं, त्याला कायद्याची मर्यादा आहे. ती संपली. आधीचं फेडल्याशिवाय नवं मिळायचं नाय." हे सांगताना चेहऱ्यावर असा अभिमान, की कायदा जणू त्यांच्याच वाडीत पिकतो.

"मग भाऊ, कायदाच शिजवून खाऊ काय?" एका ड्रायव्हरने विचारलं.

"खा की. मीठ तेवढं मर्यादेत घाल."

मी काही न विचारताच मागे फिरलो. माझ्या घरचं भाऊंना ठाऊक होतं. ते पाठोपाठ आले आणि मला कँटीनच्या वहिनींपुढे उभं करून म्हणाले, "ह्याला गावी जायला पैसे द्या. माझ्या नावावर."

"तुमचं आधीचंच फिटलं नाय, भाऊ."

"म्हणून तर ओळखीच्या ठिकाणी आलो."

वहिनींनी हसत पैशांचा डबा उघडला. परत कधी द्यायचे, असं मी विचारलं, तर भाऊ करवादले, "मेल्या, आधी गाडी पकड."

मुलगी झाली तेव्हा मी दवाखान्याच्या दारात होतो.

पगार झाल्यावर पैसे दिले, ते भाऊंनी मोजून घेतले. बाकीचं कुठल्या मुदतीत बसवायचं, ते मला अजून कळत नाही. ते फिटेल की नाही, याची धास्ती वाटते. पण एक दिवस तेही फेडीन, भाऊ.