खिरीवरचं झाकण

माझ्या थोरल्या बहिणीला मी सात-आठ महिने रोज सकाळी दुधातून जनावराच्या कातडीची पूड पाजली. तिला न सांगता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आता पन्नाशीला आलो आहे, तरी एवढी दोन वाक्यं लिहिताना दार लोटलेलं आहे ना, हे मी उठून एकदा बघून आलो.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंडं कधी आलं नाही. अक्का तर लग्नातला केकसुद्धा बोटानं बाजूला सारायची. "कशात काय असतंय, कुणी बघितलंय?" म्हणायची. सकाळी अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायची, भस्म-बेल वाहायची, दुधाचा पेला त्याला दाखवायची आणि मगच तो तोंडाला लावायची. म्हणजे मी त्या दुधात जे कालवत होतो, ते आधी देवापुढे जात होतं. माझ्याही गळ्यात तेच लिंग होतं. शर्टाच्या आत ते मला टोचतंय असं त्या दिवसांत वाटायचं.

आई गेली तेव्हा मी सहावीत होतो. अक्का त्याच्या आदल्या वर्षी नवरा वारल्यामुळं माहेरी परत आली होती. मुरगूडजवळच्या आमच्या गावात तिनं तीन म्हशी सांभाळल्या आणि नव्वदच्या त्या सगळ्या दशकात मला शिकवलं. पहाटे आणि तिन्हीसांजेला उकिडवं बसून धारा काढायच्या. पोटऱ्या मांड्यांना भिडलेल्या, गुडघ्यांत चरवी. मी बीएस्सी झालो, औषधाच्या कंपनीत प्रतिनिधी म्हणून लागलो, कसबा बावड्यात भाड्यानं घर घेतलं आणि तिला घेऊन आलो. तेव्हा ती जिना चढताना कठड्याला दोन्ही हातांनी धरत होती.

पाटावर बसणं तर बंदच झालं. पूजेला खुर्ची दिली तर भडकली.

"खुर्चीत बसून देव पुजायला मी काय कलेक्टर हाय व्हय रे?"

"अक्का, गुडघ्याला आराम पडतोय की."

"आराम मसणात पडंल. त्याच्याम्होरं खालीच बसाय पाह्यजे."

पण बसता यायचं नाही. खुर्चीवर बसून ती पूजा करायची आणि संपल्यावर रिकामा पाट पुसून भिंतीला उभा करायची.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास आमच्या कंपनीनं कोलॅजनची पावडर आणली. सांध्यांसाठी. पुण्यात एका हॉटेलात आम्हा प्रतिनिधींना बसवून ती कशात घालायची ते शिकवलं. दूध, कॉफी, सूप, कणीक, काहीही चालतं म्हणाले. चव नाही, वास नाही. मी हात वर करून विचारलं, "कशापासून करतात?" शिकवणारा हसला. "गुरांची कातडी, हाडं. डॉक्टरनं विचारलं तर नैसर्गिक म्हणायचं. पेशंट विचारत नाही." खोक्याच्या कोपऱ्यात तपकिरी ठिपका होता. मांसाहारी मालावर असतो तो.

सॅम्पलची दोन खोकी घेऊन मी परत आलो. ठिपक्याचा कोपरा फाडून एसटीच्या खिडकीतून टाकला. तो उडताना मी वळून बघितलं. तो कुणीतरी उचलून घरी आणून देईल अशी भीती वाटली. हसण्यासारखं आहे, पण तेव्हा हसू आलं नाही.

अक्काला म्हणालो, डिंकाची पूड आहे. डिंकाचे लाडू तिला ठाऊक होते, बाळंतिणीला, कंबरेला चांगले, हेही ठाऊक होतं. तिनं बोटावर घेऊन बघितली.

"डिंकागत लागत न्हाय."

"शुद्ध केलीय."

"कंपनीनं केली म्हंजे त्यातला जीव काढलाच असणार," म्हणाली आणि पेला पुढं केला.

पुड्या मी गच्चीवर फोडून एका स्टीलच्या डब्यात ओतल्या. रोज मीच उठून कालवायचो. ताकात गुठळ्या व्हायच्या, त्या चमच्यानं पेल्याच्या कडेला दाबून मोडाव्या लागायच्या. आंबिलीत बरी मिसळायची. भाकरीच्या पिठात घालून बघितली तर भाकरी थापताना चिकटली आणि अक्कानं पिठाच्या गिरणीवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी गरम दूध आणि वर वेलदोडा, एवढंच ठरलं. वास नाही म्हणत होते, पण मला यायचा. ओल्या चपलेसारखा एक बारीक वास यायचा. तिला आला तर? ती पेला देवाला दाखवायची तेव्हा मी दाराशी उभा राहायचो, आणि ती घोट घेऊन ओठ पुसेपर्यंत तिथून हलायचो नाही. रिकाम्या पुड्या बॅगेत घालून दुसऱ्या गावात टाकायचो. शाहूवाडीच्या दौऱ्यावर घाटात गाडी थांबवून टाकलेल्या आहेत.

मग सोडून का दिलं नाही? कारण चार महिन्यांनी अक्का पाटावर बसली. गुण पुडीचा, की डॉक्टरांच्या गोळ्यांचा, की म्हशी सुटल्याचा, हे मी आजही सांगू शकत नाही. पण ती भिंतीला हात लावून हळूहळू खाली गेली, मांडी घातली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बघ की रे." तिचा तो चेहरा बघितल्यावर माझ्यानं थांबवणं झालं नाही.

श्रावण आला. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, घरात आम्ही दोघंच. श्रावणातल्या सोमवारी जंगमाला, म्हणजे आमच्या गुरूला, घरी बोलवायचं, त्यांचे पाय धुवायचे, आधी त्यांना जेवू घालायचं, मग आपण, ही आमच्यातली रीत. गुडघ्यांपायी अक्काला ती तीन वर्षं जमली नव्हती. त्या सोमवारी तिनं गावाकडच्या मठातल्या म्हाताऱ्या स्वामींना बोलावलं. गव्हाची खीर स्वतः केली. मी सकाळी दोन डॉक्टर गाठून जेवायच्या वेळेला घरी आलो. बाहेरच्या खोलीत स्वामी बसले होते, अक्का परातीत त्यांचे पाय धूत होती. मांडी घालून. मला बघून हसली.

मी पाणी प्यायला आत गेलो. ओट्यावर तो स्टीलचा डबा उघडा होता. तळ दिसत होता.

"अक्का, डबा कुणी काढला?"

"मीच की," ती बाहेरून ओरडली. "स्वामींचंबी गुडघं धरल्यात. खिरीत घातली समदी. तुझी कंपनी आनखी दील."

 मला त्या क्षणी फक्त दोन गोष्टी दिसल्या. एक, स्वामींच्या ताटातली खीर. दुसरी, मी खरं सांगितल्यावरचा अक्काचा चेहरा. दोन्ही नको होतं. खिरीचं पातेलं शेगडीवर होतं, झाकलेलं. मी झाकण उचललं. बोटं भाजली. झाकण बाजूला ठेवलं आणि ओरडलो,

"पाल पडली! खिरीत पाल पडली!"

अक्का ओल्या हातानं धावत आली. धावत. त्या गुडघ्यांनी.

"कुठं हाय?"

"बाहेर उडी मारली. त्या फटीत गेली."

तिनं पातेल्यात बघितलं, फटीत बघितलं. मग ओट्यावरचं झाकण उचललं आणि उलटं करून बघितलं. आतून वाफेचं पाणी धरलेलं होतं, थेंब ओघळत होते.

"झाकण मी ठेवलंतं की रे," ती हळू म्हणाली. "बघ, आतनं घाम हाय. ह्ये वरच व्हतं."

तिचं बरोबर होतं. तिनं पुरावाच हातात धरला होता.

"आधी असेल. नंतर हलवायला काढलंस आणि ठेवायचं राहिलं," मी म्हणालो. "मी माझ्या डोळ्यांनी बघितली अक्का."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग झाकण खाली ठेवलं. "तू बघितलीस म्हंजे पडलीच असंल."

खीर परसात खड्डा करून पुरली, गाईलाही घातली नाही. अक्का स्वामींपुढं हात जोडून उभी राहिली, मान वर करेना. स्वामी मोठ्या मनाचे. "आज पालीचा मान पहिला व्हता म्हणायचा," ते म्हणाले. "त्यात काय मनाला लावून घ्येतीस, लेकी? भाकरी-आमटी हाय न्हवं? आनि पेलाभर दूध दे, झालं."

दूध तयारच होतं. ते प्याले, आशीर्वाद देऊन गेले. दार लावल्यावर मी सुटलो असं वाटून खुर्चीत बसलो. अक्का पदरानं डोळे पुसत आली.

"खीर गेली. पण पूड समदी वाया गेली न्हाय बघ. दोन चमचं दुधात घातलीती, स्वामींच्या. तेवढं तर पोटात गेलं त्यांच्या."

मी "बरं झालं" म्हणालो.  न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि आवाज दाबून ओकलो.

दुसऱ्या दिवसापासून पूड बंद. कंपनीनं माल थांबवला, असं सांगितलं. संक्रांतीपर्यंत अक्का पुन्हा खुर्चीवर गेली. स्वामी दोन-तीन वर्षांनी गेले, वयानं गेले. काही घडलं नाही, कुणाला कळलं नाही. ज्याला मी भीत होतो त्यातलं काहीही झालं नाही.

झालं ते वेगळंच. अक्कानं त्यानंतर कधी कुणा पाहुण्यासाठी रांधलं नाही. "माझ्या हातानं स्वामींना ईख गेलं असतं," म्हणायची. प्रत्येक पातेल्याचं झाकण दोनदा बघायला लागली, मग तीनदा. मग माझ्या बायकोला हाक मारून, "झाकलंय का गं? तू बघ." मग गॅस. मग कडी. किल्ली हातात असताना किल्ली कुठं आहे विचारणं. ज्या बाईनं तीन म्हशींचा, माझ्या फीचा, पावसाळ्याच्या जळणाचा सगळा मेळ डोक्यात ठेवला, तिला आता स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा नाही. घरातले म्हणतात, वय झालं. मीही मान हलवतो. पण हे कधी आणि कुणामुळं सुरू झालं ते मला ठाऊक आहे.

तिला झाकणाचं सांगावं, एवढंच सांगावं, असं कितीदा ठरवलं. पण झाकण होतं म्हटलं की ती विचारणार, मग ओरडलास का? आणि तिथून पुडीपर्यंत एकच पायरी आहे. देवाला काय दाखवलं, स्वामींच्या पोटात काय गेलं, सगळं तिला कळणार. या वयात तिनं ते कुठं ठेवायचं? असं म्हणून मी गप्प बसतो, आणि तिच्या काळजीनं गप्प बसलो असं स्वतःला सांगतो. ते खोटं आहे. मी घाबरतो म्हणून गप्प बसतो.

काल संध्याकाळी तिनं मला दुधाच्या पातेल्याशी बोलावलं. "जरा बघ रं. झाकण हाय न्हवं?" मी हो म्हणालो. "नक्की?" तिनं विचारलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली, तशीच, जशी त्या दिवशी बघत होती.

अक्का, त्या दिवशी झाकण होतं. ते मी काढलं. पाल नव्हती. आणि ती पूड डिंकाची नव्हती. एवढं मला तिला तोंडानं सांगायचं आहे, ती ऐकू शकते आहे तोवर. अजून सांगितलेलं नाही.